शाळेचा कारभारी कोणी निवडायचा?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डोव्हर या लहान गावी ८ नोव्हेंबर २००५ रोजी स्कूल बोर्डाची निवडणूक झाली. बोर्डाच्या नऊपैकी आठ जागांसाठी मतदान होते आणि आठही जागांवरचे जुने सदस्य पडले. वर्षभरापूर्वी याच बोर्डाने बहुमताने एक ठराव केला होता. जीवशास्त्राच्या तासाला मुलांना डार्विनच्या सिद्धान्तात उणिवा आहेत असे सांगावे आणि सृष्टीमागे कोणा बुद्धिमान कर्त्याची योजना असल्याच्या मताकडे त्यांचे लक्ष वेधावे, असे त्यात म्हटले होते. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते निवेदन वर्गात वाचायला नकार दिला, तेव्हा प्रशासनातल्या अधिकाऱ्यांनी वर्गात जाऊन ते वाचले. अकरा पालक कोर्टात गेले. न्यायाधीश जॉन जोन्स यांनी २० डिसेंबर २००५ रोजी पालकांच्या बाजूने निकाल दिला, पण त्याआधी सहा आठवडे गावाने आपला निकाल देऊन टाकला होता. दाव्याच्या खर्चापोटी डोव्हरच्या शाळांना सुमारे दहा लाख डॉलर मोजावे लागले. ते पैसे गावाच्याच करातले होते.

शाळेचा कारभार स्थानिक, निवडून आलेल्या माणसांच्या हाती देण्याचे सारे बळ आणि सारा धोका या एका प्रकरणात दिसतो. विज्ञानाचे शिक्षण नसलेले शेजारपाजारचे लोक मुलांच्या अभ्यासक्रमात हात घालू शकले. त्याच गावच्या मतदारांनी वर्षभरात त्यांना घरीही बसवले. आपल्याकडे अभ्यासक्रम चुकला, शाळा बंद झाली, शिक्षक मिळाला नाही, तर कोणाला घरी बसवायचे हे पालकाला ठाऊकच नसते. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा महाराष्ट्राचा शासन निर्णय एप्रिल २०२५ मध्ये निघाला, जूनमध्ये बदलला आणि जूनच्याच शेवटी रद्द झाला. निर्णय मंत्रालयात झाला आणि मंत्रालयातच फिरला. त्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले, कारण पालकाने मत नोंदवावे अशी दुसरी जागाच नव्हती. ही जागा कुठे आणि कशी असावी, हा या लेखाचा विषय आहे.

अमेरिकेत आज सुमारे १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. १९४० च्या सुमारास ती लाखाच्या वर होती. एकेका खोलीच्या शाळेलाही स्वतःचे डिस्ट्रिक्ट असे. पुढे ती एकमेकांत विलीन होत गेली. बहुतेक ठिकाणी पाच, सात किंवा नऊ सदस्यांचे बोर्ड लोक थेट निवडतात. देशभरात असे ८० हजारांहून अधिक सदस्य असावेत. त्यांतल्या बऱ्याच जणांना मानधन नसते, असले तर नावापुरते. पण अधिकार मात्र खरे असतात. शाळांचा मुख्य अधिकारी, म्हणजे सुपरिंटेंडेंट, नेमणे आणि काढणे. अंदाजपत्रक मंजूर करणे. कोणत्या वस्तीतली मुले कोणत्या शाळेत जातील याच्या हद्दी आखणे. शिक्षक संघटनेशी पगाराचा करार करणे. शाळा उघडणे आणि बंद करणे. अनेक राज्यांत घरपट्टीतला शाळेचा हिस्साही हेच बोर्ड ठरवते. न्यूयॉर्क राज्यात मोठी शहरे सोडली तर दर मे महिन्यात मतदार शाळेच्या अंदाजपत्रकावरच थेट मत देतात. जिमी कार्टर यांच्या सार्वजनिक आयुष्याची सुरुवात जॉर्जियातल्या समटर काउंटीच्या स्कूल बोर्डावरून झाली. राजकारणाची पहिली पायरी आजही अनेकांसाठी तीच आहे.

या संस्थेचे मूळ फार जुने आहे. पन्नास घरांच्या गावाने शिक्षक नेमलाच पाहिजे असा कायदा मॅसॅच्युसेट्सने १६४७ मध्ये केला. बोस्टनची शाळा समिती १७८९ पासूनची. मुलांच्या शाळेचा कारभार हा घरगुती मामला मानला जाई, म्हणून स्त्रियांना मताचा हक्क अनेक ठिकाणी आधी शाळेच्या निवडणुकीत मिळाला. मॅसॅच्युसेट्सने तो १८७९ साली दिला आणि कॉन्कॉर्ड गावात मतदार म्हणून नाव नोंदवणारी पहिली स्त्री लेखिका लुईझा मे अल्कॉट होती. देशभर स्त्रियांना मत मिळायला त्यानंतर चाळीस वर्षे लागली.

इंग्लंडमध्येही असेच घडले. तिथे १८७० च्या कायद्याने स्कूल बोर्डे आली. कर भरणाऱ्या स्त्रियांना मत होते आणि उभे राहण्याचा हक्कही होता. लंडनच्या पहिल्याच बोर्डावर डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस निवडून आल्या. मतदाराला जागांइतकी मते असत आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. त्यामुळे संख्येने थोड्या गटालाही आपला एखादा माणूस पाठवता येई. ॲनी बेझंट भारतात येण्याआधी, १८८८ मध्ये, कामगारवस्तीच्या टॉवर हॅम्लेट्स भागातून सर्वाधिक मते घेऊन लंडन स्कूल बोर्डावर गेल्या आणि उपाशीपोटी शाळेत येणाऱ्या मुलांच्या जेवणाचा प्रश्न त्यांनी तिथे लावून धरला. १९०२ च्या कायद्याने इंग्लंडने ही बोर्डे मोडून कारभार नगरपालिका आणि काउंटी कौन्सिलांकडे दिला. आपल्याकडची व्यवस्था पुढे याच वळणाने गेली.

स्कूल बोर्ड चांगले की वाईट, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. ते कोण, कधी आणि कोणत्या पद्धतीने निवडते यावर सगळे ठरते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी सुधारकांनी शाळेला पक्षीय राजकारणापासून दूर न्यायचे म्हणून तीन बदल केले: उमेदवारांच्या नावापुढे पक्ष नको, मोठ्या निवडणुकांच्या दिवशी मतदान नको, आणि वॉर्डाऐवजी संपूर्ण शहराने मिळून सगळे सदस्य निवडावेत. हेतू चांगला होता. परिणाम मात्र गरिबांच्या विरोधात गेला. एप्रिल किंवा मे महिन्यातल्या एखाद्या दिवशी फक्त शाळेसाठी मतदान ठेवले तर दहा टक्केही लोक फिरकत नाहीत, असा अनुभव ठिकठिकाणी आहे. जे येतात ते संघटित असतात. सारा अँझिया या अभ्यासिकेने दाखवून दिले की निवडणूक अशी आडवेळी ठेवली की शिक्षक संघटनांसारख्या गटांचे वजन वाढते. व्लादिमीर कोगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार राज्यांतल्या मतदारांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा स्कूल बोर्डाला मत देणाऱ्यांत घरात शाळकरी मूल नसलेल्यांचीच बहुसंख्या असल्याचे दिसले. जिथे बहुतेक विद्यार्थी कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो आहेत, तिथेही मतदार बहुतकरून गोरे आणि वयस्क होते. ज्यांची मुले शाळेत त्यांचे मत नाही आणि ज्यांचे मत त्यांची मुले शाळेत नाहीत, अशी ही विसंगती आहे.

न्यू जर्सीने २०१२ पासून यावर उपाय शोधला. शाळेची निवडणूक नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीबरोबर घेण्याची मुभा दिली आणि बहुतेक डिस्ट्रिक्टांनी ती घेतली. त्याच राज्यातल्या नुअर्क शहराने सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना स्कूल बोर्डासाठी मत दिले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा मतदान केले.

सबंध शहराने मिळून सगळे सदस्य निवडण्याची पद्धत किती घातक ठरू शकते, हे बोस्टनने दाखवले. पाच सदस्यांची शाळा समिती संपूर्ण शहरातून निवडली जाई. कृष्णवर्णीय संख्येने कमी असल्याने त्यांचा माणूस येणे जवळपास अशक्य होते. साठच्या दशकात लुईझ डे हिक्स या समितीच्या अध्यक्षा होत्या आणि शाळांमध्ये वर्णभेद आहे हेच त्या मान्य करीत नव्हत्या. समितीने जाणूनबुजून वेगळ्या शाळा राखल्या, असा निर्णय न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी १९७४ मध्ये दिला. मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत पाठवण्याचा आदेश निघाला आणि शहरात दंगली उसळल्या. १९७७ मध्ये जॉन ओब्रायंट निवडून आले, तेव्हा विसाव्या शतकात पहिल्यांदा एक कृष्णवर्णीय त्या समितीवर बसला. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत तर स्थानिक सत्ताधाऱ्यांनी गोऱ्या-काळ्या मुलांनी एकत्र बसू नये म्हणून १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सगळ्या सार्वजनिक शाळांना कुलूप लावले. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. काळी मुले घरी बसली. स्थानिक स्वराज्य म्हटले की मन उत्साहित होते, अशा वेळी प्रिन्स एडवर्डची ती पाच वर्षे आठवावीत.

न्यूयॉर्क शहराची कथा वेगळी आहे. कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन पालकांच्या आंदोलनानंतर १९६९ च्या कायद्याने तिथे विभागवार समाज-बोर्डे आली. मुलांच्या पालकांना, ते नागरिक नसले तरी, मत होते. कल्पना मोठी होती. पण मतदान पुढे दहा टक्क्यांच्या खाली घसरले, काही बोर्डांवर नोकऱ्या वाटल्याचे आरोप सिद्ध झाले आणि २००२ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांनी शाळा थेट आपल्या हाती घेतल्या. शिकागोने उलटा प्रवास केला. १९९५ पासून तिथे महापौरच बोर्ड नेमत होते; नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिल्यांदा एकवीस सदस्यांच्या बोर्डातले दहा जण लोकांनी निवडले.

शिकागोतली याहून महत्त्वाची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९८८ च्या कायद्याने तिथे प्रत्येक शाळेला स्वतःची निवडून आलेली परिषद मिळाली. तिच्यात सहा पालक, दोन परिसरातले रहिवासी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक असत. नागरिकत्व नसलेल्या पालकालाही मत आहे. मुख्याध्यापक नेमणे, चार वर्षांनी त्याचा करार पुढे चालवायचा की नाही हे ठरवणे आणि शाळेचे अंदाजपत्रक मंजूर करणे ही तिची कामे. पहिल्या वर्षीचा उत्साह पुढे ओसरला आणि अनेक जागा बिनविरोध जाऊ लागल्या. तरीही गरीब वस्तीतल्या हजारो पालकांना मुख्याध्यापकासमोर बसून हिशेब विचारण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला, ही लहान गोष्ट नाही.

पैशाचा प्रभाव वाढत चालला आहे. लॉस एंजेलिसमध्ये २०१७ च्या बोर्ड निवडणुकीत खासगी व्यवस्थापनाच्या सार्वजनिक शाळांचे समर्थक आणि शिक्षक संघटना यांनी मिळून सुमारे दीड कोटी डॉलर ओतले. कोविडनंतर मास्क, वंशभेदाचे शिक्षण, ग्रंथालयातली पुस्तके यांवरून बोर्डांच्या बैठकांत पोलीस बोलवावे लागले आणि राष्ट्रीय पक्षांचे भांडण गावच्या शाळेत शिरले. सॅन फ्रान्सिस्कोत शाळा बंद असताना बोर्ड ४४ शाळांची नावे बदलण्यात गुंतले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदारांनी तीन सदस्यांना मुदतीआधी परत बोलावले. त्या मोहिमेत आशियाई वंशाचे पालक आघाडीवर होते. याच शहरात २०१६ च्या कौलाने नागरिक नसलेल्या पालकांनाही स्कूल बोर्डासाठी मत मिळाले आहे. म्हणजे एच-वन-बी व्हिसावरच्या पुण्या-नाशिकच्या आईबापांनाही, मूल एकोणीस वर्षांखालचे असेल आणि घर शहराच्या हद्दीत असेल तर, तिथे मत आहे. खाडीपलीकडच्या फ्रीमाँटमध्ये किंवा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये ते नाही. तिथे वर्षानुवर्षे घरपट्टीतून शाळेचा कर भरणाऱ्या मराठी कुटुंबांना ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे राहून फक्त बैठकीत तीन मिनिटे बोलता येते. तेवढ्याचा तरी वापर करावा, असे मी तिकडच्या वाचकांना आग्रहाने सांगेन. बोर्डाची बैठक जाहीर असते आणि लोकांच्या बोलण्यासाठी त्यात वेळ राखलेला असतो.

आता आपल्या घराकडे येऊ. महाराष्ट्रात हा वाद दीडशे वर्षांचा आहे आणि त्यात आपल्या दोन थोर माणसांनी जे म्हटले ते अवघड आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी शेतकऱ्याकडून लोकल फंडाचा कर वसूल होतो पण त्याच्या मुलांच्या वाट्याला शिक्षण येत नाही, हे ठासून सांगितले. त्याच निवेदनात ते पुढे म्हणतात की मोठ्या शहरांतल्या प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांकडून घ्यावा, पण व्यवस्था संपूर्णपणे त्यांच्या हाती सोपवू नये. देखरेख शिक्षण खात्याचीच असावी. फुले तेव्हा काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. स्थानिक सत्ता म्हणजे कोणाची सत्ता, हे त्यांनी आतून पाहिले होते.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा विश्वास दुसऱ्या बाजूला होता. त्यांच्या १९११ च्या विधेयकात सक्तीचे शिक्षण सुरू करायचे की नाही हे स्थानिक संस्थांनी ठरवावे आणि त्यासाठी कर बसवावा, अशी योजना होती. ते पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. विठ्ठलभाई पटेलांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात नगरपालिकांना तशी परवानगी मिळाली. मग १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा जिल्हा लोकल बोर्डांकडे आणि नगरपालिकांकडे सोपवल्या आणि त्यांची ‘स्कूल बोर्डे’ अस्तित्वात आली. जुन्या पिढीच्या तोंडी असलेले ‘स्कूल बोर्डाचे चेअरमन’ ते हेच.

पाच वर्षांनी, मे १९२८ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन आयोगाला अस्पृश्यांच्या शिक्षणाबद्दल निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण स्कूल बोर्डांकडे सोपवणे थांबवले नाही तर अस्पृश्यांचे शिक्षण फार मागे पडेल, असा इशारा त्यात आहे. म्हणजे ज्यांनी एरवी सत्तेत वाटा मागितला त्यांनीच शाळेच्या बाबतीत स्थानिक सत्तेवर भरवसा ठेवला नाही. कारण उघड होते. लोकल बोर्डाच्या मतदारयाद्या तेव्हा मालमत्ता आणि करावर बेतलेल्या होत्या. ज्यांच्या मुलांना वर्गाबाहेर बसवले जाई त्यांना मत नव्हते आणि बसवणाऱ्यांना होते. बोस्टन आणि प्रिन्स एडवर्ड काउंटीत पुढे जे झाले ते पाहता फुले-आंबेडकरांचा इशारा किती अचूक होता हे कळते. स्थानिक स्वराज्याची बाजू मांडणाऱ्याने या इशाऱ्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ नये. माझ्या मते उत्तर आहे, त्याकडे येतो.

नंतरचा इतिहास थोडक्यात असा. मुंबई इलाख्याच्या खेर मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये कायदा बदलून बराच ताबा पुन्हा सरकारकडे घेतला. १९४७ च्या नव्या कायद्याने जिल्हा आणि नगरपालिका स्कूल बोर्डे नव्याने रचली. त्यांचे सदस्य स्थानिक संस्थेचे सदस्य निवडत, लोक नव्हे. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि जिल्हा बोर्डे संपली. मोठ्या शहरांत शिक्षण मंडळे आणखी अर्धशतक राहिली. ज्यांना महापालिकेचे तिकीट मिळाले नाही अशा कार्यकर्त्यांच्या पुनर्वसनाची ती जागा झाली आणि गणवेश, दप्तरे, स्वेटर यांच्या खरेदीवरून वाद होत राहिले. गेल्या दशकात ती बरखास्त झाली आणि शाळा आयुक्तांच्या हाताखाली गेल्या. कोणी हळहळले नाही, आणि हळहळण्यासारखे होतेही थोडेच. पण पालकाला जागा मिळाली नाही ती नाहीच.

जिल्हा परिषदेत शिक्षण समिती असते, तिला सभापती असतो. त्या पदाचे मोल बरेचसे शिक्षकांच्या बदल्यांमुळे होते. २०१७ पासून बदल्या ऑनलाइन झाल्या आणि तेही कमी झाले. जिल्हा परिषदेच्या प्रचारात उमेदवार रस्ता, पाणी, घरकुल यांवर बोलतो. गटातल्या किती शाळांत शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, पाचवीतल्या किती मुलांना भागाकार येतो, हे त्याला कोणी विचारत नाही. त्यातही २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदा आणि महापालिका निवडणुकीवाचून प्रशासकांकडे गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला तो मे २०२५ मध्ये. या काळात राज्यातल्या सर्वांत मोठ्या शालेय व्यवस्थेवर बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडलेला एकही माणूस देखरेखीला नव्हता.

माध्यमिक शाळांचे चित्र निराळे. त्या बहुतांशी खासगी संस्थांच्या आणि सरकारी अनुदानावरच्या. नाशिकच्या मराठा विद्या प्रसारक समाजासारख्या संस्थेची निवडणूक विधानसभेइतकी रंगते, पॅनेले पडतात, तालुके पिंजून काढले जातात. पण मतदार असतात संस्थेचे सभासद. मुलाची फी भरणारा पालक त्यात नसतो. विधान परिषदेत शिक्षकांसाठी सात मतदारसंघ राखीव आहेत, त्यात माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना मत आहे. प्राथमिक शिक्षकाला तिथे मत नाही आणि पालकांसाठी मतदारसंघच नाही. विनाअनुदानित शाळांत २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती येते, ती इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून. फी ठरवताना त्या समितीची संमती लागते. चिठ्ठीने निवडण्यात गट पडत नाहीत हा गुण आहे, पण चिठ्ठीतून आलेला पालक पालकांना उत्तर द्यायला बांधील नसतो, हा दोष मोठा आहे.

उरते शाळा व्यवस्थापन समिती, आणि माझ्या मते सगळी आशा तिथेच आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ ने सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांना ही समिती बंधनकारक केली. महाराष्ट्रात ती १२ ते १६ जणांची असते. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया, वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा. पालकांची निवड पालक सभेने करायची, अध्यक्ष पालकांमधूनच व्हायचा, मुख्याध्यापक सचिव. महिन्याला बैठक, दोन वर्षांची मुदत. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडाही याच समितीने करायचा. जिल्हा परिषदांच्या शाळाच साठ हजारांच्या आसपास आहेत. प्रत्येकी किमान नऊ पालक धरले तरी पाच लाखांहून अधिक पालक या समित्यांवर बसतात. संपूर्ण अमेरिकेतल्या स्कूल बोर्ड सदस्यांच्या पाच-सहा पट. त्यांतल्या निम्म्या आया. फुले आणि आंबेडकरांच्या आक्षेपाचे उत्तर कायद्यानेच इथे दिले आहे. मत मालमत्तेवर अवलंबून नाही, ते मूल त्या शाळेत असण्यावर आहे. ज्यांना १९२३ ची मतदारयादी बाहेर ठेवत होती त्यांचीच मुले आज जिल्हा परिषदेच्या शाळेत बहुसंख्येने आहेत.

मग ही संस्था निर्जीव का वाटते? एक कारण निवडीत आहे. सभेची चिठ्ठी मुलाच्या वहीतून घरी जाते. सभा कामाच्या दिवशी भर दुपारी. मजुरीवर असलेली आई रोज बुडवून येणार नाही. जे येतात त्यांच्यासमोर नावे वाचली जातात आणि निवड बिनविरोध होते. गुप्त मतदान क्वचित. गावात चुरस असलीच तर ती सरपंचाच्या दोन गटांची असते, शाळेच्या प्रश्नांची नसते. पुढे दरमहाच्या बैठकीचे इतिवृत्त मुख्याध्यापक लिहितात आणि सह्या घरोघरी फिरून गोळा होतात. मुख्याध्यापकांना यात सरसकट दोष देणे मला पटत नाही. पोषण आहाराचे हिशेब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामे यांखाली ते दबलेले असतात आणि समिती ही त्यांना आणखी एक नोंदवही वाटते.

दुसरे आणि मोठे कारण, समितीच्या हाती फार थोडे आहे. खाते मुख्याध्यापक आणि अध्यक्षांच्या संयुक्त सहीने चालते, पण त्यात काय येते? समग्र शिक्षा योजनेतून ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार रुपये. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती यांत ते संपतात. शिक्षक नेमणे, बदलणे, रिकाम्या जागेचा जाब मागणे यांतले काहीही समितीला करता येत नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा काढण्याचा विचार शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला, तेव्हा ज्या वस्तीची शाळा जाणार त्या वस्तीच्या समितीला नकाराचा अधिकार नव्हता. कमी पटाची शाळा चालवावी की नाही यावर दोन मते असू शकतात. सहा वर्षांच्या मुलीने ओढा ओलांडून दुसऱ्या गावी जायचे की नाही, यावर तिच्या आईला मत असलेच पाहिजे. अमेरिकेतला पालक शाळा बंद होताना जाहीर सुनावणीत बोर्डाला तोंडावर विचारतो आणि पुढच्या निवडणुकीत त्याचा हिशेब करतो. आपल्या पालकाला पैसा आणि अधिकार असलेल्या संस्थेत आवाज नाही, आणि आवाज असलेल्या संस्थेत पैसा आणि अधिकार नाही.

अमेरिकेचे बोर्ड जसेच्या तसे इथे आणावे असे मी म्हणणार नाही. घरपट्टीवर शाळा चालवल्यामुळे श्रीमंत उपनगराची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब, हे त्या देशाचे जुने दुखणे आहे आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये त्यात हात घालायला नकार दिला. पगार राज्याने द्यावा, अभ्यासक्रमाचा किमान दर्जा राज्याने राखावा, जातीवरून कोणाला बाहेर ठेवले तर राज्याने हस्तक्षेप करावा. फुले यांनी मागितलेली ती देखरेख सोडू नये. पण समितीची निवडणूक राज्यभर एकाच रविवारी, पंधरा दिवसांच्या लेखी सूचनेने आणि गुप्त मतदानाने घ्यायला नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरतो. शाळा बंद किंवा विलीन करण्यापूर्वी पालक सभेचा ठराव बंधनकारक करावा. मुख्याध्यापकांच्या कामाविषयी समितीचा अभिप्राय गटशिक्षणाधिकाऱ्यांनी नोंदीवर घ्यावा. तालुक्यातल्या समित्यांच्या अध्यक्षांनी आपल्यातून दोघे-तिघे निवडून जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीवर पाठवावेत, म्हणजे जिथे अंदाजपत्रक ठरते तिथे निदान काही पालक बसतील. आणि अनुदान असे द्यावे की त्यावर चर्चा करण्यात अर्थ उरेल.

सरकार हे आपणहून करील असे मला वाटत नाही. पालक मागतील तेव्हाच होईल, आणि मागण्याची सुरुवात शाळेत आहे. तुमचे मूल जिल्हा परिषदेच्या, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीपर्यंतच्या वर्गात असेल, तर व्यवस्थापन समितीची मुदत कधी संपते हे मुख्याध्यापकांना विचारा. शाळेचा विकास आराखडा पाहायला मागा. तो मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. पुढच्या पालक सभेला शेजारच्या आयांना घेऊन जा, नावे वाचली जाऊ लागली की उभे राहून मतदान मागा, आणि आपले नाव उमेदवार म्हणून द्या.